खांब काढून विकलेलं घर

लातुरात घर बघायला आलेलं गिऱ्हाईक आधी घर बघतच नाही. चप्पल काढायच्या आत विचारतं, "बोअरला पाणी आहे का?" मग मोटर चालू करायला लावतं, धारेखाली हात धरतं, घोटभर पिऊनही बघतं. रेल्वेनं आलेलं पाणी प्यालेलं गाव आमचं, त्यांचं तरी काय चुकलं! आमच्या बोअरला भर मे महिन्यात पाणी असायचं. त्यामुळं मला वाटत होतं, सांगायचा अवकाश, घर हातोहात जाईल.

घर विकायला काढलं ते मुलीमुळं. ती नांदेडला. तिच्या बाबांची अँजिओप्लास्टी झाली त्या दिवशी तिला लातूरला पोचायला पाच तास लागले. अहमदपूरच्या अलीकडं रस्ता खोदून ठेवलेला, एसटी जागच्या जागी उभी. दवाखान्याच्या दारातच तिनं हुकूम सोडला, "बास झालं आता. ते घर विका आणि माझ्याजवळ या." बत्तीस वर्षं जिल्हा परिषदेच्या शाळेत मी पोरांना हुकूम सोडले, आता माझ्यावर सुटायला लागले. पण तिचं खरं होतं. आम्ही दोघंच, साठी उलटलेली. परत कळ आली तर रिक्षा बघायला कोण पळणार? तिच्या बिल्डिंगमध्ये तळमजल्यावर एक फ्लॅट रिकामा होता. आमचं घर बऱ्या भावात गेलं तर तो घेता येणार होता, नाही तर नाही.

घर ह्यांनी बांधलेलं. हे सरकारी कचेरीत कारकून होते. भूकंप झाला तेव्हा ह्यांना पडलेल्या गावांमध्ये पत्रे आणि घोंगड्या वाटायला पाठवलं होतं. दीड महिना तिकडंच होते. परत आले ते अर्धे होऊन. काय बघितलं ते कधी नीट सांगितलं नाही. एवढंच म्हणायचे, "दोन-दोन हात रुंद भिंती होत्या गं, त्याच अंगावर आल्या." दोन वर्षांनी आमच्या प्लॉटवर पाया खोदला तेव्हा ह्यांनी मिस्त्रीला बजावलं, "मला दिसायला चांगलं घर नको. मला न पडणारं घर पाहिजे."

मिस्त्री औशाकडचा, हाताचा सरळ आणि तोंडाचा फटकळ. लोखंडाचा ट्रक बघून म्हणाला, "सायेब, घर बांधायलाव का धरण?" खिडक्या लहान, चौकटींच्या वरून सगळ्या भिंतींना काँक्रीटचा पट्टा, आणि बैठकीच्या मोठ्या खोलीत बरोब्बर मधोमध एक खांब. छताचे दोन्ही बीम येऊन त्याच्यावर टेकलेले. मागच्या अंगणात सगळ्यात आधी बांधली ती एक पत्र्याची खोली. ही कशाला, म्हटलं तर म्हणाले, "असू दे."

मी त्या खांबाचा तीस वर्षं दुस्वास केला, खोटं कशाला बोलू? टीव्ही कुठंही ठेवा, कुणाला ना कुणाला तो आडवा यायचाच. हळदीकुंकवाला दोघी-चौघी त्याच्यामागं बसायच्या, त्यांना वाण द्यायचं राहून जायचं आणि मग वर्षभर मी त्याचं ऐकून घ्यायची. मुलीला बघायला पाहुणे आले तर मुलाच्या आईच्या वाट्याला नेमकी खांबामागची खुर्ची. बिचारी मान वाकडी करकरून सून बघत होती. शेजारीण म्हणायची, "तुमच्या घरी बसलं की फलाटावर बसल्यासारखं वाटतं बाई." मी ह्यांच्या मागं लागायची, "अहो, ह्या खांबाचं काही तरी करा." हे म्हणायचे, "तो आहे म्हणून मला झोप लागते."

तर घर दाखवायला सुरुवात झाली. पहिलं गिऱ्हाईक खताचा व्यापारी. पाण्याची धार बघून माणूस खूश. त्याच्यासोबत एक वास्तुवाला होता, हातात होकायंत्र. तो आत आला, खांबापाशी थबकला आणि दोन पावलं मागं सरकला. म्हणाला, "अरे रे रे! ब्रह्मस्थानात खांब! घराच्या बेंबीत खिळा ठोकलाय हो तुम्ही. अशा घरात कर्त्या पुरुषाला सुख नाही. घरात कुणाला हृदयाचा त्रास आहे का?"

मी ह्यांच्याकडं बघितलं. हे खिडकीतून बाहेर बघायला लागले. व्यापारी चहाला हातही न लावता गेला.

नंतर सहा-सात गिऱ्हाइकं आली. पाण्यावर सगळे खूश, खांबावर सगळे नाराज. शेवटी एजंट स्पष्टच बोलला, "काकू, मार्केटमध्ये तुमच्या घराला आता 'खांबाचं घर' म्हणायलेत. आतलं लोखंड कुणाला दिसत नाही, खांब आंधळ्यालाबी दिसतो. तो काढून टाका. हॉल मोकळा करा, वर पीओपी, खाली टाइल्स, किचन मॉड्युलर. थोडे घाला, मग बघा भाव कसा चढतो. पोरगी दाखवायची म्हटल्यावर नटवावी लागतेच की."

भावाचं होतंच. पण मला आत लागलं होतं ते 'कर्त्या पुरुषाला सुख नाही' हे. मी पोरांना अंधश्रद्धा वाईट म्हणून शिकवलं, फळ्यावर लिहून दिलं, आणि आता दुपारी आडवी झाले की त्या खांबाकडं बघून मला धडकी भरायची. वाटायचं, हा ह्यांच्या छातीवरच उभा आहे. मी लकडा लावला. पंधरा दिवस घरात दुसरा विषय नाही. "काढा. मी म्हणते म्हणून काढा." शेवटी हे म्हणाले, "ठीक आहे. तुझंही समाधान, गिऱ्हाइकाचंही समाधान." ज्या माणसानं दीड महिना ती गावं बघितली होती तो माणूस हे बोलला. मला तेव्हा त्याचं काहीच वाटलं नाही. उलट मी देवापुढं साखर ठेवली.

आधी जुन्या मिस्त्रीलाच बोलावलं. सत्तरी ओलांडलेला, मोतीबिंदू काढलेला, मुलाच्या मोटरसायकलवर मागं बसून आला. त्यानं बैलाच्या पाठीवर ठेवावा तसा खांबावर हात ठेवला आणि कितीतरी वेळ वर बघत राहिला. "सायेब, दोन्ही बीमचा बोजा ह्याच्यावर हाय. ह्यो गेल्यावर त्यो बोजा कुटं जाईल?"

"खाली आडवा लोखंडी गर्डर टाकू की," हे म्हणाले.

"गर्डर टाका न्हाई तर आनि काई टाका. लावताना मी व्हतो. काढताना मी न्हाई."

चहा पिऊन निघाला. फाटकापाशी थांबून मला म्हणाला, "बाई, तुमी शिकलेल्या हाव. सायबांना तुमी तरी सांगा." मी काय सांगणार कपाळ! काढा म्हणणारी मीच.

मग एजंटानं त्याचा ठेकेदार आणला. पोरगेला, कानात ते बिनवायरचं यंत्र, आमच्याशी बोलतोय की फोनवर तेच कळायचं नाही. "काका, टेन्शन घेऊच नका. असे कैक खांब काढलेत. जॅक लावायचा, गर्डर सरकवायचा, एका दिवसात हॉल मोकळा." आणि केलंही त्यानं एका दिवसात. काँक्रीट फुटलं, पण आतल्या सळया हलेनात. मशीन धरलेला कामगार वैतागून ओरडला, "कोण्या येड्यानं एवढं लोखंड भरलंय बे!" तो येडा तिथंच उभा होता. शेवटी सळया गॅसनं कापल्या. संध्याकाळी भंगारवाला आला आणि हातगाडीवर घालून घेऊन गेला.

गर्डर दोन्ही टोकांना भिंतीत खाच पाडून नुसता विटांवर टेकवला होता. हे म्हणाले, "खाली काँक्रीटचा ठोकळा पाहिजे, नुसत्या विटा दबतील." ठेकेदार म्हणाला, "देऊ की काका, उद्या." दुसऱ्या दिवशी आम्ही बाजारातून येईपर्यंत ठेकेदार गर्डर लिंपून मोकळा झालेला. हे चिडले, आवाज चढला. मीच मधे पडले, "जाऊ द्या हो, बीपी वाढेल तुमचं." बघा, तिथंही मीच.

पहिले चार दिवस माझा आनंद गगनात मावत नव्हता. ह्या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत मी उगाच चालून यायची. शेजारणीला मुद्दाम चहाला बोलावलं. पाचव्या दिवशी सकाळी स्वयंपाकघराचं दार लागेना. वरच्या कोपऱ्यात घासत होतं. पावसाळ्यात लाकूड फुगतं हे मलाही कळतं, पण हा पौष महिना. ह्यांनी रंधा आणून दाराची वरची कड तासली. दार लागलं. आठवड्यानं परत अडकलं, परत तासलं. मग चौकटीच्या कोपऱ्यातून एक तिरकी भेग वर गेलेली दिसली, केसाएवढी. मी पेन्सिलनं तिच्या टोकाला खूण केली. चार दिवसांनी बघितलं तर भेग खुणेच्या पुढं बोटभर.

रोज सकाळी गर्डरच्या बरोबर खाली, नव्या टाइल्सवर, पांढरी भुकटी पडलेली असायची. मी झाडून घ्यायची. दुपारी घर शांत झालं की कधीमधी वरून आवाज यायचा. कट्. बोट मोडल्यासारखा, एकच. एकदा मी म्हणाले, "ऐकलंत?" हे म्हणाले, "काय?" आणि पेपर वाचत राहिले. त्यांनी ऐकलं होतं. मला माहीत होतं आणि मला माहीत आहे हे त्यांनाही माहीत होतं.

एक दिवस अंधार पडायच्या आत ह्यांनी गाद्या उचलल्या आणि मागच्या पत्र्याच्या खोलीत नेऊन टाकल्या. "घरात रंगाचा वास येतो," म्हणाले. पौषातला गारठा, पत्र्याखाली दातावर दात आपटतात. मी गोधड्या घेऊन मुकाट मागं गेले. त्या दिवसापासून आम्ही त्या घरात फक्त दिवसा राहायचो.

मग काम तरी थांबवलं का? नाव नका काढू! ठेकेदाराला बोलावून भेग दाखवली. तो म्हणाला, "नवीन काम बसायला टाइम घेतं, काका. एकदा पीओपी झालं की हे दिसणारबी नाही." आमचा जीव भांड्यात पडला. दिसणार नाही म्हणजे उरणार नाही, असंच आम्ही धरून चाललो. भेगेत पुट्टी भरली, पुट्टीवर रंग. छताला पीओपी, मधोमध भलंमोठं कमळ, कडेनं निळे दिवे. खांब जिथं होता त्याच्या बरोबर वर कमळ. कोंबडं झाकलं म्हणून उजाडायचं राहत नाही, हे मी पोरांना वाक्यात उपयोग करायला द्यायची.

आणि भाव चढला हो! तोच एजंट, तेच घर, आता फोनवर "फुल्ली रिनोव्हेटेड" म्हणून सांगायला लागला. त्याच आठवड्यात ती आली.

एका दवाखान्यात सिस्टर होती. चाळिशीच्या आतली, बोलायला गोड. सोबत अबोल नवरा आणि तिची आई. एजंटानं दारातच माझी ओळख करून दिली, "ह्या शाळेतल्या बाई." म्हातारी काटकुळी, नऊवारी, दोन पायऱ्या चढली तरी धाप लागलेली. सिस्टरनं नळ सोडायला सांगितलं नाही. किचनकडं बघितलंही नाही. तिनं एकच विचारलं, "मॅडम, घर कधीचं आहे?"

"भूकंपानंतरचं," मी म्हणाले.

तिनं खुर्चीत अंग टाकलं. "आम्ही तेव्हा पडलेल्यातल्याच एका गावच्या, मॅडम." मग सांगितलं. ती तेव्हा सहा वर्षांची. चौकटीच्या आडोशाला सापडली म्हणून वाचली. वडील आणि दोन भाऊ गेले. तेव्हापासून तिची आई छताखाली झोपलेली नाही. पुनर्वसनाचं घर मिळालं, तर ही अंगणात पत्रा टाकून. लेकीच्या भाड्याच्या घरी आली, तर गॅलरीत. ऊन, पाऊस, थंडी, काही असो. आता दम्यानं छाती भरत होती आणि डॉक्टरांनी सांगितलं होतं, म्हातारीला आणखी एक हिवाळा बाहेर काढता येणार नाही. "मी दुसऱ्यांच्या आयांना रात्रंदिवस बघते मॅडम, आणि माझी आई बाहेर कुडकुडते. मला मोठं घर नको. ती आत झोपायला हो म्हणेल असं घर पाहिजे."

"मग हे घ्या," मी म्हणाले. "ह्यांनी स्वतः उभं राहून बांधून घेतलंय. एवढं लोखंड घातलं की मिस्त्री म्हणाला, घर बांधायलाव का धरण!"

उचलली जीभ लावली टाळ्याला. आणि गंमत म्हणजे त्यात एकही शब्द खोटा नव्हता.

म्हातारी एकेका भिंतीवर थापट्या मारत फिरत होती. कुठं कुठं कान लावत होती. फिरत फिरत ती कमळाखाली येऊन उभी राहिली आणि वर बघितलं.

"बाई," ती मला म्हणाली, "तुमी हितं आतच झोपता का?"

गिऱ्हाइकांनी मला शेकडो प्रश्न विचारले होते. पाणी, नाली, पार्किंग, शेजार, नकाशा. हे कुणीच विचारलं नव्हतं. तिला सांगता आलं असतं. नुसतं गप्प बसले असते तरी ती समजली असती. मला नांदेडचा तळमजल्यावरचा फ्लॅट दिसत होता आणि ह्यांचा दवाखान्यातला चेहरा.

"हो आजी," मी म्हणाले. "इथंच झोपतो की."

ती मागच्या दारानं अंगणात गेली. पत्र्याच्या खोलीचं दार उघडंच होतं. "मंग हितं गाद्या कशाला?"

"पाहुण्यांसाठी," हे म्हणाले. लग्नाला चाळीस वर्षं होत आली, मी ह्यांना परक्या माणसाशी खोटं बोलताना पहिल्यांदा ऐकलं. मी त्यांच्याकडं बघितलं नाही.

म्हातारी परत आत आली, टाइल्सवर फतकल मारून बसली आणि लेकीला म्हणाली, "घे हे घर. शाळंतली बाई हाय. ती खोटं कशापायी सांगल?"

पुढं सगळं भराभर झालं. बँकेकडून किंमत ठरवायला माणूस आला. कमळाचे चार फोटो काढले, किचनचे सहा. टाइल्स मोजल्या. जाताना म्हणाला, "सर, रिनोव्हेशनमुळं व्हॅल्यू छान वाढली तुमची." लोखंड कापून भंगारात घातलं आणि घराची किंमत वाढली, हे मला त्या क्षणी मोठ्यानं ओरडून सांगावंसं वाटलं. मी त्याला खारी बिस्किटं पुढं केली.

खरेदीखताच्या आदल्या दिवशी मी ह्यांना विचारलं, "सांगायचं का त्यांना?"

"सांग. मग ते घेणार नाहीत. मग त्या व्यापाऱ्याला विकशील, त्यालाही सांगणार आहेस का?" हे शांतपणे म्हणाले. "आणि इतके दिवस पडलंय का काही?"

मी पोळ्या लाटत राहिले. दुसऱ्या दिवशी सह्या झाल्या. सिस्टरनं खणानारळानं माझी ओटी भरली आणि मला वाकून नमस्कार केला. मला तिचा हात धरवेना.

नांदेडचा फ्लॅट चांगला आहे. मुलगी दिवसातून दोनदा डोकावते, नातवंडं दंगा करतात, ह्यांची तब्येत सुधारली. मी रोज पेपरात आधी लातूरचं पान बघायची, बाकी काही नाही. आषाढात सिस्टरचा फोन आला. रडतच होती. "मॅडम, आई आत झोपली! हॉलमध्ये, अगदी मधोमध अंथरूण घालून. म्हणाली, बाई झोपत होती तर मला काय हुतंय." मीही रडले. तिला वाटलं आनंदानं. तेव्हा तरी सांगायचं! फोन हातात होता, ती ऐकत होती. मी म्हणाले, "छान झालं हो. काळजी घ्या आजींची."

मग भाद्रपदातला एक रविवार. सकाळचे सात वाजून गेलेले, मी चहा गाळत होते. आधी जमिनीतून गुरगुर आली, दूरवर ट्रक चालल्यासारखी. मग फळीवरची भांडी खणखणली, आणि पायाखालची फरशी हलली. दोन क्षण, जास्त नाही. सगळी बिल्डिंग जिन्यावरून खाली पळाली. कुणी टॉवेलवर, कुणाच्या हातात लेकरू. पार्किंगमध्ये सगळे एकदम बोलत होते. हिंगोलीकडं जोर होता, लातूरकडंही जाणवला, असे मेसेज यायला लागले. हे अनवाणी उभे होते. चेहरा पांढराफटक. मला एवढंच म्हणाले, "फोन लाव."

फोन लागेना. सगळं जग फोनवर. एकदा लागला तर सिस्टरनं उचलला नाही. सकाळभर मी तोच नंबर दाबत होते. मुलगी म्हणाली, "अगं आई, घर विकलंस ना, आता कशाला एवढी घालमेल?" मी तिच्यावर खेकसले.

बारा वाजायला आले तेव्हा लागला. मागं खूप गलका होता.

"मॅडम! आम्ही एकदम बरे आहोत!" तिचा आवाज आनंदी होता. "हललं जरा. हॉलमध्ये वरून थोडं पीओपी सुटलंय, किचनचं दार अडकलंय, ते बघू नंतर. पण मॅडम, गावाकडचे सगळे लई घाबरले हो. तिकडं लोक रस्त्यावर येऊन बसलेत. तर आईनंच फोन करून सगळ्यांना बोलावून घेतलं. मामा, मावशी, चुलते, त्यांची लेकरं. म्हणाली, माझ्या लेकीचं घर पक्कं हाय, समदे हितं या. चौदा माणसं आहेत बघा हॉलमध्ये. आई मधोमध बसून सगळ्यांना धीर देतीय."

"ताई, सगळ्यांना बाहेर काढा."

"काय, मॅडम?"

"आत्ता. लेकरं आधी. काही विचारू नका, बाहेर काढा!"

दवाखान्यात काम केलेली बाई ती. विचारलं नाही. तिचं ओरडणं ऐकू आलं, लेकरांचं रडणं, पायांची धावपळ, कुणाचं तरी ताट पडलं. मी फोन कानाला इतका दाबून धरला होता की कान दुखायला लागला. हे माझ्या समोर खुर्चीत बसले होते, दोन्ही हात गुडघ्यांवर.

"मॅडम, सगळे बाहेर आलेत." आता तिला धाप लागली होती. "आई येत नाही. उठतच नाही. म्हणते, बाईनं सांगितलंय पक्कं हाय, मी कशाला उठू?"

"त्यांना फोन द्या. आणि तुम्ही बाहेर थांबा."

ती बाहेर थांबली नाही, ते मला आवाजावरून कळलं. आतला घुमणारा आवाज मला ओळखीचा होता.

"कोन, बाई का?" म्हातारी म्हणाली. "घाबरलाव का काय? काई न्हाई झालं बगा. तुमचं घर जागचं हाललं न्हाई."

"आजी, उठा. बाहेर या."

"आता न्हाई मी कुटं जात. लई वर्षं भाईर काढली."

"आजी, मी खोटं बोलले." मी म्हणाले. "तुम्ही बसलात तिथं खांब होता. सगळं छत त्याच्यावर होतं. आम्ही तो काढला, घराला भाव यावा म्हणून काढला. भेगा पडल्या त्या बुजवल्या. आम्ही तिथं झोपत नव्हतो, आजी. आम्ही मागं पत्र्याखाली झोपत होतो. उठा हो, तुमच्या पाया पडते, तुमची लेक तुमच्याजवळ उभी आहे, तिला घेऊन बाहेर या."

तिकडून कण्हत उठल्याचा आवाज, काकणं, लेकीचं "हळू, आई, हळू", उंबऱ्यावर पाय अडखळला, आणि मग एकदम मोकळ्या हवेतला गलका, लेकरांचा. मी तिथंच फरशीवर बसले आणि हुंदके देऊन रडायला लागले.

फोन चालूच होता. म्हातारी धापा टाकतच बोलली. आवाजात राग असता तर मी तो झेलला असता. राग नव्हता.

"बाई, थंडी आली की ही पोरगी परत म्हनंल, आई, आत झोप. आता मी कुनाचं ऐकून आत जाऊ?"